काँक्रीटलाही हवी हवा!

तुमच्या गल्लीत एखाद्या इमारतीच्या स्लॅबचे काम चालू असेल, तर थोडा वेळ थांबून पाहा. मिक्सर घरघरत असतो, घमेली हातोहात वर जात असतात, आणि नुकत्याच ओतलेल्या ओल्या काँक्रीटमध्ये एक कामगार जाड नळीसारखे काहीतरी खुपसून उभा असतो. त्या नळीचे टोक वेगाने थरथरत असते. हा व्हायब्रेटर. त्याच्या थरथरीने खडी नीट बसते आणि आत अडकलेली हवा बुडबुड्यांच्या रूपाने वर येऊन फुटते. देखरेख करणारा इंजिनिअर एकसारखा बजावत असतो, "कोपऱ्यात नीट फिरव, पोकळी राहता कामा नये!" फळ्या काढल्यावर खांबाला मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोके दिसली, तर ठेकेदाराची धडगत नसते.

पोकळी म्हणजे काँक्रीटचा शत्रू, हे आपल्याकडे गवंड्याच्या हाताखालचे पोरही सांगेल. मग पुढची गोष्ट वाचून तुम्हाला नवल वाटेल. कॅनडा, उत्तर अमेरिका, उत्तर युरोप अशा थंड प्रदेशांत रस्त्यांसाठी आणि पुलांसाठी काँक्रीट करताना प्रत्येक घनमीटरमागे पन्नास-साठ लिटर हवा मुद्दाम आत अडकवून ठेवतात. त्यासाठी वेगळे द्रव्य विकत आणतात, आणि हवा ठरल्यापेक्षा कमी भरली तर गाडीभर माल परत पाठवतात!

हा उलटा न्याय कशासाठी? उत्तर थंडीत आहे. आपल्याकडे महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी एखाद्या पहाटे दवबिंदू गोठले, तर दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छायाचित्र येते. ज्या देशांत हिवाळ्यात पाणी रोज रात्री गोठते आणि दुपारी वितळते, तेथे मात्र हा कौतुकाचा विषय नसून दगड, विटा आणि काँक्रीट फोडणारी एक मोठी ताकद आहे.

पाणी गोठताना फुगते हे तुम्ही पुस्तकात वाचले आहेच. किती फुगते? सुमारे ९ टक्के. म्हणजे १०० घनसेंटिमीटर पाण्याचे जवळजवळ १०९ घनसेंटिमीटर बर्फ होते. काठोकाठ भरून घट्ट बूच लावलेली काचेची बाटली बर्फ होताना फुटते ती यामुळेच. (हा प्रयोग घरच्या फ्रीजमध्ये करू नका. काचा वेचायचे काम तुमच्याच वाट्याला येईल.) बाटली थोडी रिकामी ठेवली तर ती वाचते. किती रिकामी? आकडेमोड सोपी आहे : पाणी बाटलीच्या साधारण ९१ टक्क्यांहून कमी असेल, तर फुगलेला बर्फ बाटलीतच मावतो.

आता काँक्रीटकडे वळू. घट्ट झालेले काँक्रीट दिसायला अखंड दगडासारखे असले, तरी आतून ते सच्छिद्र असते. याला कारण पाणीच. सिमेंटशी रासायनिक रीत्या बांधले जाणारे पाणी सिमेंटच्या वजनाच्या सुमारे पाव हिस्सा असते, म्हणजे ५० किलोच्या पोत्याला साडेबारा लिटरांच्या आसपास. पण एवढ्याच पाण्यात कालवलेले काँक्रीट इतके कोरडे होईल की ते साच्यात नीट बसणारच नाही. म्हणून प्रत्यक्षात पोत्यामागे वीस-पंचवीस लिटर पाणी घालावे लागते. जादा पाणी जेथे होते तेथे, सिमेंट घट्ट झाल्यावर, अतिशय बारीक वेड्यावाकड्या वाटा उरतात. त्यांना केशिका म्हणतात. नाव केसावरून पडले असले, तरी या वाटांपुढे आपला केस म्हणजे अजस्र बोगदा! पाऊस पडला, बर्फ वितळले, की या केशिका टीपकागदासारखे पाणी शोषून घेतात. रात्री तेच पाणी गोठते. काँक्रीट दाबाला खंबीर असले तरी ताणाला दुबळे असते. त्याची ताण सोसण्याची शक्ती दाब सोसण्याच्या शक्तीच्या साधारण एक दशांश. आतून दाब आला की ते ताणले जाते आणि बारीक चीर पडते. दुसऱ्या दिवशी त्या चिरेत आणखी पाणी शिरते. असे एका हिवाळ्यात कितीतरी वेळा घडते. गंमत अशी, की सतत कडाक्याची थंडी असलेल्या जागी हा त्रास कमी आणि जेथे तापमान शून्याच्या वर-खाली होत राहते तेथे जास्त. एकदाच गोठून पडलेले पाणी फारसे काही करीत नाही. नुकसान करते ते पुन्हा पुन्हा गोठणे.

१९३० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात हे संकट रस्त्यांवर दिसू लागले. मोटारी वाढल्या होत्या. हिवाळ्यात रस्ते चालू ठेवायचे म्हणून बर्फावर मीठ टाकण्याची पद्धत पडत होती. मिठाने बर्फ वितळते, खारे पाणी काँक्रीटमध्ये मुरते आणि दुखण्यात भर पडते. काँक्रीटच्या रस्त्यांचे पोपडे निघू लागले. आज वरचा पापुद्रा गेला, पुढच्या हिवाळ्यात त्याखालची खडी उघडी पडली, असे चालले होते.

पण पाहणी करणाऱ्यांना एक कोडे पडले. काही तुकडे जसेच्या तसे होते. थंडी तीच आणि मीठही तेच असताना हे तुकडे मात्र धडधाकट! त्यांचे नमुने काढून तपासले, तेव्हा ते इतरांपेक्षा किंचित हलके भरले. कारण शोधता शोधता माग थेट सिमेंटच्या कारखान्यापर्यंत गेला. भट्टीतून निघालेले सिमेंटचे खडे दळताना ते चक्कीला चिकटू नयेत म्हणून काही कारखाने त्यांत थोडी गुराढोरांची चरबी घालत. घरी पुरण वाटताना पाट्याला पाण्याचा हात लावतात, तसाच हा प्रकार. त्या चरबीने दळण सोपे झाले, आणि कोणाच्या ध्यानीमनी नसताना रस्तेही टिकले.

चरबीचा आणि टिकाऊपणाचा संबंध काय? साबण कसा बनतो ते आठवा. चरबी किंवा तेल अधिक अल्कली. सिमेंट पाण्यात कालवले की मिश्रण तीव्र अल्कधर्मी होते; म्हणूनच सिमेंट कालवणाऱ्यांच्या हातांची आग होते. त्या अल्कलीत चरबीचा साबण झाला, आणि मिक्सरमध्ये काँक्रीट घुसळले जाताना साबणाने आपले नेहमीचे काम केले. फेस केला!

येथे एक छोटा प्रयोग करून पाहा. झाकणाच्या दोन बरण्या घ्या आणि दोन्हींत अर्धे पाणी भरा. एकीत रात्रभर भिजवलेल्या दोन रिठ्यांचे पाणी मिसळा. दोन्ही सारख्याच जोराने हलवा. बुडबुडे दोन्हींत होतील, कारण बुडबुडे करते ते तुमचे हलवणे. साध्या पाण्यातले बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि क्षणात फुटून जातात. रिठ्याच्या पाण्यातले मात्र बारीकच राहतात आणि बराच वेळ टिकतात. रिठ्यात साबणासारखे गुण असणारे सॅपोनिन असते. अशा द्रव्यांच्या रेणूचे एक टोक पाण्याला धरते आणि दुसरे पाण्यापासून दूर पळते. ते पळणारे टोक हवेच्या बुडबुड्यात शिरते, दुसरे पाण्यातच राहते, आणि बुडबुड्याभोवती या रेणूंचे कडे तयार होते. दोन बुडबुडे जवळ आले तरी या कड्यांमुळे ते एक होऊ शकत नाहीत. तेव्हा हे द्रव्य हवा निर्माण करीत नाही. मिक्सरने आत ओढलेली हवा बारीक ठेवणे आणि पळू न देणे, एवढेच त्याचे काम.

एकदा हे कळल्यावर चरबीवर विसंबण्याची गरज उरली नाही. पाइन वृक्षांच्या बुंध्यांतून टर्पेंटाइन आणि राळ काढून घेतल्यावर एक गडद, राळेसारखा गाळ उरतो. व्हिन्सॉल या नावाने तो विकला जाई. सोडियम हायड्रॉक्साइडबरोबर त्याचा विरघळणारा साबण करून काँक्रीटमध्ये घालू लागले. मात्रा अगदी थोडी, पोत्यामागे चमच्यांच्या हिशेबात मोजावी इतकी.

बुडबुड्यांनी रस्ता वाचतो हे समजले, पण तो का वाचतो? या प्रश्नामागे चिकाटीने लागलेला माणूस म्हणजे शिकागोच्या पोर्टलंड सिमेंट असोसिएशनचा संशोधक टी. सी. पॉवर्स. तुम्ही म्हणाल, त्यात काय, फुगणाऱ्या बर्फाला रिकामी जागा मिळते! उत्तर अर्धे बरोबर आहे. पण मग व्हायब्रेटर न लावलेल्या, मोठमोठ्या पोकळ्या राहिलेल्या काँक्रीटनेही थंडी सोसायला हवी. ते मात्र सोसत नाही. पॉवर्सने १९४५ मध्ये मांडलेला विचार असा : केशिकेत पाणी गोठू लागले की बर्फाला जागा करून देण्यासाठी उरलेले पाणी बाहेर रेटले जाते. ते अतिशय चिंचोळ्या वाटांतून जाते, त्यामुळे त्याला अडथळा होतो. जितके लांब जायचे, तितका दाब जास्त.

एक चित्र डोळ्यांपुढे आणा. जत्रेच्या अरुंद बोळात माणसांची दाटी आहे आणि एकदम पावसाची सर आली. गावाबाहेर हजार माणसे मावतील असा मांडव आहे. त्याचा काय उपयोग? तेथवर पोचण्याआधीच चेंगराचेंगरी व्हायची. त्याऐवजी बोळात दर चार पावलांवर दोघातिघांपुरती एकेक पडवी असेल, तर गर्दी चुटकीसरशी पांगेल. दोन्हीकडची एकूण जागा सारखीच असली तरी!

म्हणजे हवा किती आहे यापेक्षा ती किती जवळ आहे, याला महत्त्व. पॉवर्सने १९४९ मध्ये हे अंतर गणिताने काढून दाखवले. सिमेंटच्या लगद्यातल्या कोणत्याही बिंदूपासून जवळचा बुडबुडा साधारण ०.२ मिलिमीटरपेक्षा दूर नसावा, हा त्यातून आलेला ठोकताळा आजही वापरात आहे.

हे गणित तुम्हालाही करता येईल. एक घनमीटर काँक्रीटमध्ये ६० लिटर हवा आहे असे धरू. सगळे बुडबुडे ०.१ मिलिमीटर व्यासाचे असतील, तर गोलाच्या घनफळाच्या सूत्राने त्यांची संख्या येते सुमारे साडेअकरा हजार कोटी! काँक्रीटमध्ये खडी-वाळू सोडून सिमेंटचा लगदा सुमारे ३०० लिटर असतो. तो या बुडबुड्यांत वाटला, तर प्रत्येकाच्या वाट्याला येणारा चौकोनी ठोकळा जेमतेम ०.१४ मिलिमीटर बाजूचा. बुडबुडा त्याच्या मधोमध आहे असे समजले, तर ठोकळ्याच्या कोपऱ्यापासून बुडबुड्याची कड ०.०७ मिलिमीटरवर येते. आता हवा तीच ६० लिटर, पण बुडबुडे दहापट मोठे, म्हणजे १ मिलिमीटरचे करू. व्यास दहापट झाला की घनफळ हजारपट होते, म्हणून संख्या हजारपटीने घटते आणि ते अंतर ०.७ मिलिमीटरवर जाते. मर्यादा आहे ०.२ मिलिमीटरची. पहिले काँक्रीट पास, दुसरे नापास. वजनाच्या काट्यावर मात्र दोघांत तसूभरही फरक दिसणार नाही. खऱ्या काँक्रीटमध्ये सगळे बुडबुडे एकाच मापाचे नसतात, पण मुद्दा तोच राहतो.

चौकस विद्यार्थी येथे विचारील, की पावसात केशिका पाण्याने भरतात, तर हे बुडबुडे का भरत नाहीत? कारण पाण्याची ओढ बारीक वाटांकडे असते. टीपकागद शाई टिपतो, पण त्याला टाचणीने पाडलेले मोठे भोक शाईने भरून राहत नाही. तसेच बुडबुडा केशिकेपेक्षा पुष्कळ मोठा असल्याने त्यात पाणी आपणहून शिरत नाही. गोठताना जे तेथे जाते, तेही बर्फ वितळल्यावर केशिका पुन्हा ओढून घेतात, आणि बुडबुडा पुढच्या रात्रीसाठी रिकामा होतो.

पॉवर्सबद्दल आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण मला ती सर्वांत आवडते. पुढच्या प्रयोगांत त्याला दिसले, की बुडबुडे असलेला लगदा गोठताना फुगण्याऐवजी चक्क किंचित आक्रसतो. पाणी बर्फापासून दूर रेटले जाते, हा त्याचा स्वतःचाच सिद्धांत याच्याशी नीट जुळेना. १९५३ मध्ये हेल्मथ या सहकाऱ्याबरोबर त्याने नवी बाजू मांडली. अतिसूक्ष्म छिद्रांतले पाणी शून्य अंशावरही गोठत नाही. ते झालेल्या बर्फाकडे ओढले जाते आणि बर्फाचे स्फटिक वाढवते. बर्फ केशिकेत वाढला तर चीर पडते, बुडबुड्यात वाढला तर कोणाचे काही बिघडत नाही. शिवाय मिठामुळे पाण्याची ही हालचाल आणखी वाढते. दोन्ही क्रियांचा वाटा नेमका किती, यावर अजून वाद आहेत. बुडबुडे जवळजवळ हवेत, हे मात्र दोन्हीकडून निघते.

आता या हवेची किंमतही सांगू. हवेला स्वतःची ताकद नसते. ढोबळ मानाने हवा १ टक्का वाढली की काँक्रीटची दाब सोसण्याची शक्ती ५ टक्क्यांनी घटते. पाच टक्के हवा म्हणजे पाव ताकद गेली! पुलाचा आराखडा करणाऱ्याला हे कसे परवडेल? थोडी भरपाई होते, ती अशी. बारीक बुडबुडे छर्ऱ्यांसारखे काम करतात, काँक्रीट मऊसूत होते, त्यामुळे पाणी कमी घालून भागते. आणि पाणी कमी म्हणजे ताकद जास्त. तरी हिशेब पुरता मिटत नाही. आजच्या बळकट पुलापेक्षा पन्नास हिवाळे टिकणारा पूल हवा असेल, तर थोडी ताकद सोडावी लागते, किंवा सिमेंट वाढवून ती विकत घ्यावी लागते.

सिमेंट कमी असलेल्या काँक्रीटमध्ये मात्र हा व्यवहार फायद्याचाच ठरतो, आणि येथे आपला संबंध येतो. धरणांच्या अवाढव्य भिंतींत सिमेंट बेताचेच घालतात. असे रुक्ष मिश्रण नीट पसरत नाही. हिराकूड, रिहांद आणि आपले कोयना या धरणांच्या कामांत हवायुक्त काँक्रीट वापरले गेले. तेथे बर्फाची भीती नव्हती. हवा हवी होती ती मिश्रण सुलभ होण्यासाठी. सुरुवातीला द्रव्ये अमेरिकेतून आली. पुढे देशी द्रव्ये तयार झाली. त्यांतल्या एकाला रिहांदचे नाव मिळाले, एकाला कोयनेचे, आणि एक तर चक्क रिठ्याची पूड होती! तुमच्या बरणीतला फेस इतका साधासुधा नाही.

बर्फाची खरी भीती आपल्या देशात आहे ती हिमालयात. लेह, कारगिल, लाहौल येथे दुपारच्या उन्हात वितळलेले पाणी काँक्रीटमध्ये मुरते आणि सूर्य डोंगराआड जाताच गोठू लागते. भारतीय मानक ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीत यासाठी आकडे दिले आहेत. ओलावा आणि गोठणे-वितळणे दोन्ही असतील, आणि काँक्रीट एम-५० या प्रतीपेक्षा खालचे असेल, तर २० मिलिमीटर खडीला ५ टक्के आणि ४० मिलिमीटर खडीला ४ टक्के हवा, एक टक्का इकडे-तिकडे. खडी मोठी असली की लगदा कमी लागतो, म्हणून हवाही कमी. त्याहून बळकट काँक्रीटमध्ये पाणी इतके थोडे असते की केशिकाच कमी उरतात.

आणि ही हवा मोजायची कशी? त्यासाठी लागतो तुमच्या पुस्तकातला बॉइलचा नियम! एका भक्कम भांड्यात ताजे काँक्रीट भरतात, झाकण घट्ट लावतात, वर खुणेपर्यंत पाणी भरतात आणि पंपाने दाब देतात. दगड, वाळू, सिमेंट, पाणी यांचे आकारमान दाबाने जवळजवळ बदलत नाही. आक्रसते ती फक्त हवा. समजा, भांडे ६ लिटरचे आहे आणि एकूण दाब वातावरणाच्या दुप्पट केला. पाण्याची पातळी १५० घनसेंटिमीटरने उतरली. दाब दुप्पट म्हणजे हवेचे आकारमान निम्मे, म्हणून मूळ हवा ३०० घनसेंटिमीटर, म्हणजेच ५ टक्के. पाच-दहा मिनिटांचे काम.

पण थांबा. या भांड्याला एकूण हवा कळते, बुडबुड्यांचा आकार कळत नाही. साडेअकरा हजार कोटी बारीक बुडबुडे आणि थोडी मोठी भोके, दोन्हींना ते एकच आकडा दाखवते. नेमका महत्त्वाचा प्रश्न अनुत्तरित राहतो! दाब टप्प्याटप्प्याने वाढवून आकाराचा अंदाज घेणारी उपकरणे अलीकडे आली आहेत. मात्र डोळ्यांनी खात्री करायची, तर घट्ट झालेल्या काँक्रीटची चकती कापावी लागते. ती आरशासारखी घासतात, पृष्ठभाग काळ्या शाईने रंगवतात आणि बुडबुड्यांच्या खळग्यांत पांढरी पूड दाबून भरतात. सूक्ष्मदर्शकाखाली काळ्यावर पांढरे ठिपके उठून दिसतात. मग सरळ रेषेत सरकत एकेक ठिपका मोजायचा. दुसरी परीक्षा आणखी कठोर आहे. काँक्रीटचा ठोकळा उणे १८ ते अधिक ४ अंश सेल्सिअस असा ३०० वेळा गोठवून वितळवतात. दोन्ही परीक्षा खऱ्या, पण निकाल हाती येतो तोवर पूल बांधून झालेला असतो.

म्हणून सगळी काळजी ओल्या काँक्रीटवरच घ्यावी लागते, आणि ते मोठे लहरी असते. हवा गरम असेल तर बुडबुडे कमी होतात. गाडी लांबून आली तर वाटेत काही हवा निसटते. सिमेंटमध्ये औष्णिक वीजकेंद्राची राख मिसळली असेल, आणि त्या राखेत न जळलेल्या कोळशाचे कण असतील, तर ते कण साबणाचे रेणू स्वतःकडे ओढून घेतात आणि बुडबुड्यांसाठी काही उरतच नाही. म्हणून जागरूक इंजिनिअर गाडी आल्यावर एकदा मोजतो आणि पंपातून माल बाहेर पडल्यावर पुन्हा एकदा.

शेवटी काँक्रीट त्याच कामगाराच्या हाती जाते, व्हायब्रेटर धरलेल्या. तो अगदीच थोडा वेळ फिरवला तर मोठ्या पोकळ्या राहतील. एकाच जागी फार वेळ धरला, तर मोठ्यांपाठोपाठ बारीक बुडबुडेही वर येऊन फुटतील. लेहच्या पुलावर इंजिनिअरही "कोपऱ्यात नीट फिरव" असेच म्हणत असेल, पण काही सेकंदांनी लगेच ओरडत असेल, "उचल आता, बस्स झाले!"